टँकर उभा असेल तर

मी: "पंपावर टँकर खाली होत असेल तर तिथे पेट्रोल भरायचं नाही. सरळ पुढच्या पंपावर जायचं." माझे बाबा हे मला लहानपणापासून सांगत आलेत, दादा. मी म्हणायचे, बाबा, तुम्ही जन्मभर पंपावर नोकरी केलीत म्हणून जगातल्या सगळ्या पंपांशी वैर धरलंत का?

मिस्त्री: आणि आज टँकर उभा होता.

मी: होता. भलामोठा, पाइप जोडलेला. मी बघितला. बघून भरलं.

मिस्त्री: किती?

मी: टाकी फुल्ल.

मिस्त्री: वा. म्हणजे चाखून बघितलं नाही, ताटभर वाढून घेतलंत.

मी: लांब जायचंय हो. मध्ये कुठे थांबायला लागू नये म्हणून.

मिस्त्री: मग किती चालली?

मी: वीसेक किलोमीटर. आधी उचकी लागल्यासारखी करायला लागली. वाटलं, रस्ता खराब असेल. मग या चढावर मान टाकली ती टाकलीच. तुमची पाटी दिसली, नाहीतर मी काय केलं असतं कोण जाणे.

मिस्त्री: त्याआधी चावी मारत बसला असाल.

मी: हो.

मिस्त्री: किती वेळा?

मी: मोजलं नाही. पंधरा... वीस.

मिस्त्री: बॅटरीचाही जीव काढलात. असू दे. मागच्या छोटीला कडेवर घ्या आणि तिचं ते सीट जरा सोडवा. मागचं सीट मला उचलायचंय, टाकीचं तोंड त्याच्याखाली आहे.

मी: पण खरंच पाणीच असेल का? दुसरं काही पटकन होण्यासारखं?

मिस्त्री: हे बघा. पुढच्या पाइपातून या बाटलीत काढलंय थोडं. हलवू नका, उजेडाकडे धरा. काय दिसतं?

मी: दोन थर. वर पिवळसर. खाली गढूळ, पांढुरकं.

मिस्त्री: खालचं ते पाणी. एवढ्याशा बाटलीत चार बोटं. पेट्रोल हलकं, ते वर राहतं. पाणी तळाला बसतं. आणि गाडी ओढते तळातून. तुम्ही तिला वीस किलोमीटर पाणी पाजत आणलंत.

मी: पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतही पाणी तळालाच असतं. झाकणातून झिरपतं, पावसाचं उतरतं. टँकर वरून ओतायला लागला की ते सगळं ढवळून निघतं. मग निदान तासभर निवळू द्यायचं. मला पाठ आहे हे. पाढ्यांसारखं.

मिस्त्री: पाठ असून?

मी: पाठ असून. घाई होती.

मिस्त्री: सगळ्यांनाच असते. माझं गॅरेज घाईवरच चालतं, ताई. सावकाश जाणारं गिऱ्हाईक माझ्याकडे येतच नाही.

मी: किती वेळ लागेल?

मिस्त्री: टाकी पूर्ण रिकामी करायची. आतला पंप काढून धुवायचा, फिल्टर नवीन टाकायचा, पाइप फुंकायचे, प्लग सुकवायचे. आज मी एकटा आहे. दीड-दोन धरा.

मी: दिवस?

मिस्त्री: तास हो, तास. एवढ्या पांढऱ्या पडू नका.

मी: दोन तास खूप झाले. दादा, माझे बाबा फोन उचलत नाहीयेत. सकाळपासून. एकटे राहतात. इथून अजून दीड तासाचा रस्ता आहे. भाड्याची गाडी मिळेल का इथे?

मिस्त्री: एकाची आहे. थांबा, विचारतो. ...नाही, ती लग्नाच्या वऱ्हाडात गेलीय, उद्या येते. बस आहे साडेतीनला. ती पोचेपर्यंत दिवस मावळेल. त्यापेक्षा ही गाडीच आधी होईल.

मी: मग करा. लवकर करा. मी तोवर परत लावून बघते.

मिस्त्री: अहो, अहो! फोन इथे नको! झाकण उघडलंय मी. तिकडे झाडाखाली बाकडं आहे, तिथे जा. छोटीलाही न्या, हा वास डोक्यात जातो.

मी: तिथे खाली खिळे-बिळे नाहीत ना? ती जे दिसेल ते तोंडात घालते. चौदा महिन्यांची आहे.

मिस्त्री: सकाळीच झाडलंय. हा पाना द्या तिला खेळायला. साबणाने धुतलाय. हातातून सुटला तरी गिळता येणार नाही एवढा मोठा आहे.

मी: बंद येतोय आता. मघाशी वाजत तरी होता. आता बाई सांगते, बंद आहे.

मिस्त्री: बॅटरी उतरली असेल. वाजून वाजून उतरते. तुम्ही किती वेळा लावलात?

मी: सातपासून... चाळीसेक वेळा.

मिस्त्री: झालं तर. गाडीची बॅटरी वीस वेळात, फोनची चाळीस. तुमच्या हाताला यश आहे.

मी: तुम्ही चेष्टा करताय.

मिस्त्री: हसवायला बघतोय. जमत नाहीये ते दिसतंय मला. शेजारीपाजारी कोणी?

मी: डावीकडचं घर सहा महिने बंद आहे. उजवीकडे एक आजी राहतात, त्यांना ऐकू येत नाही, फोन नाही. समोर गोदाम आहे. मी कित्येकदा म्हटलं होतं, बाबा, कोणाचातरी एक नंबर देऊन ठेवा. ते म्हणायचे, मला काय धाड भरलीय.

मिस्त्री: जगाला सांगणारे स्वतःपुरते असेच असतात. घरात दुसरं कोणी?

मी: आई गेली त्याला चार वर्षं झाली. मी एकटीच. नवरा जहाजावर असतो, पुढच्या महिन्यात येईल. त्याला मेसेज टाकलाय, तो कधी वाचेल देव जाणे.

मिस्त्री: बाबा पंपावर होते म्हणालात. त्याच गावात?

मी: हो. घरापासून दोन किलोमीटरवर.

मिस्त्री: मग तिथे कोणी जुनं माणूस असेल की. इतकी वर्षं एकाच ठिकाणी काम केलेल्या...

मी: तेहतीस.

मिस्त्री: तेहतीस वर्षं काम केलेल्या माणसाला ओळखणारं कोणी नसेल होय तिथे? पंपाचा नंबर शोधा फोनवर.

मी: एक काका होते. बाबांच्या हाताखाली लागले होते. अरे देवा. हे मला सकाळी का नाही सुचलं? मी सकाळपासून काय करत होते?

मिस्त्री: घाबरत होतात. जा, बाकड्यावरूनच लावा. मी हे पेट्रोल उपसायला घेतो.

काका: हॅलो, पेट्रोलपंप. बोला.

मी: काका? तुम्हीच का? टाक्यांचं माप घेणारे?

काका: मीच. पण कोण बोलतंय?

मी: मी मास्तरांची मुलगी.

काका: मास्तरांची? अगं तू! नाकात शेंगदाणा घालून घेतला होतास तीच ना? सगळा पंप बंद ठेवून मास्तर तुला घेऊन पळाले होते दवाखान्यात. गाड्यांची रांग लागली होती फाट्यापर्यंत.

मी: हो, तीच. काका, बाबांचा फोन लागत नाहीये. सकाळी वाजत होता, उचलला नाही, आता बंद आहे. मी वाटेत अडकलेय, गाडी बंद पडलीय. तुम्ही घरी जाऊन बघाल का? आत्ता?

काका: आत्ता निघतो. पण परवाच तर आले होते गं इथे. रविवारी. बाकावर तासभर बसले. नव्या मॅनेजरला झापलंही. टँकर लागलाय आणि तुम्ही गाड्यांत भरताय कसे, म्हणाले. तो म्हणाला, आजोबा, घरी जा. मग मीच त्यांना बाजूला घेतलं.

मी: बरे होते ना तेव्हा?

काका: बरे म्हणजे... छातीत जळजळतंय म्हणत होते. मी म्हटलं, मास्तर, दाखवून या. तर म्हणाले, पित्त आहे, शिळं खाल्लं. आणि मलाच दम दिला, पोरीच्या कानावर घालू नकोस, लहान बाळ आहे तिच्याजवळ, ती रात्रभर जागत बसेल.

मी: तुम्ही मला कळवायचं होतं, काका.

काका: नंबर नव्हता बाळ. आणि त्यांचा शब्द कसा मोडायचा? मला टाकीत मापाचा दांडा धरायला त्यांनी शिकवलं. ठेव फोन. काउंटरवर सांगून स्कूटर काढतो. पोचलो की लावतो. हाच नंबर ना?

मी: हाच. दार वाजवून उघडलं नाही तर तोडा. काय मोडायचं ते मोडा.

मिस्त्री: निघाले?

मी: निघाले. दहा मिनिटांत पोचतील. छातीत जळजळत होतं म्हणे रविवारी. पित्त म्हणाले.

मिस्त्री: असेलही पित्त. माझ्या म्हाताऱ्या आईला आठवड्यातून तीनदा होतं. झोपले असतील हो. नाहीतर फोन घरात ठेवून बाजारात गेले असतील. म्हातारी माणसं फोन गळ्यात बांधून फिरत नाहीत.

मी: सकाळी सातला बाजारात?

मिस्त्री: बरं, नाही गेले. तुम्ही बसा. किती निघालं बघा. ही पहिली बादली. अजून तशा दोन तरी निघतील.

मी: बाबा हे असंच बघायचे. पंपावर रोज सकाळी. टाकीत लांब दांडा सोडायचे, त्याच्या टोकाला एक लेप लावलेला असायचा. तेल लागलं तर तो तसाच राहतो, पाणी लागलं की लाल होतो. जेवढी बोटं लाल, तेवढं तळाशी पाणी. मी सुट्टीत त्यांच्याबरोबर जायचे. दांडा वर आला की मी आधी पळत जाऊन बघायचे, लाल आहे का. लाल असलं की मला मजा वाटायची. त्यांचा चेहरा मात्र उतरायचा.

मिस्त्री: मास्तर म्हणायचे त्यांना?

मी: सगळे. कारण सारखं काहीतरी शिकवत असायचे. घरीही. रात्री गॅसचं बटण तीनदा बघायचे. बाल्कनीच्या दाराला वरची कडी. इस्त्रीची वायर काढून हातात घेऊन झोपायला जायचे एखादे दिवशी. चिंगी झाली तेव्हा दोन महिने आमच्याकडे होते. पाळण्याचे स्क्रू रोज सकाळी आवळायचे. रोज. तो पाळणा आता हलत नाही नीट, इतके आवळलेत.

मिस्त्री: मग परत का गेले?

मी: मी बोलले.

मिस्त्री: काय बोललात?

मी: मला झोप नव्हती तेव्हा. बाळंतपणाचं अंग. चिंगी रात्रभर रडायची. त्या दिवशी ते सांगायला आले, पाण्याची बादली न्हाणीघरात भरून ठेवू नकोस, बाळ रांगायला लागेल. तेव्हा ती दोन महिन्यांची. मानही धरत नव्हती. मी म्हटलं, बाबा, तुम्ही घरात असलात की हे घर मला धोक्याचं वाटतं.

मिस्त्री: हं.

मी: त्यांनी बादली उपडी केली, पंच्याने फरशी पुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरलेली.

मिस्त्री: आपल्या माणसाला बोलतोच आपण. परक्याला कुठे बोलता येतं?

मी: आणि आता मी काय करते माहितेय? घरात एकही बादली भरलेली नसते. रात्री चार वेळा उठून चिंगीच्या नाकाखाली बोट धरते. श्वास लागतो का बघायला. ते करायचे त्यापेक्षा जास्त करते. त्यांना हे सांगितलं नाही कधी. सांगितलं असतं तर किती खूश झाले असते.

मिस्त्री: आज सांगा. हा पंप निघाला बघा. जाळीवर काय बसलंय! गंज, गाळ. त्यांनी हे बघितलं असतं तर त्या पंपवाल्याची काही धडगत नव्हती. पण ताई, एक सांगा. सात वाजल्यापासून फोन लावत होतात म्हणालात. इतक्या सकाळी का?

मी: सातला त्यांचा मिस्ड कॉल येतो रोज. आज आला नाही.

मिस्त्री: मिस्ड कॉल?

मी: आमचं ठरलेलं आहे. आधी ते रोज सातला फोन करायचे आणि चिंगी दचकून उठायची. मी म्हटलं, बाबा, बोलायला दुपारी करा. सकाळी नुसती एक रिंग द्या आणि ठेवा. मी उचलणार नाही. रिंग दिसली की मला कळेल, तुम्ही ठीक आहात.

मिस्त्री: मग दुपारी बोलणं व्हायचं?

मी: आधी व्हायचं. मग त्या वेळी चिंगी झोपायला लागली, मला वाटायचं आपणही पडावं. मग आठवड्यातून दोनदा. मग... रिंग येत होती ना रोज. रिंग आली की झालं. मी फोन आवाज बंद करूनच ठेवते सकाळी. उठल्यावर बघते, बाबांचा मिस्ड कॉल आहे ना, आहे. मग दूध तापवायला जाते.

मिस्त्री: काल आला होता?

मी: काल आला होता. काल तर चारदा आला.

मिस्त्री: चारदा?

मी: हो. मला हसूच आलं. म्हटलं, बाबांचं बोट अडकलं वाटतं बटणावर.

मिस्त्री: ताई.

मी: काय?

मिस्त्री: रोज एकदाच यायचा ना?

मी: एकदाच.

मिस्त्री: सातलाच?

मी: सातच्या ठोक्याला. घड्याळ लावावं असा.

मिस्त्री: कालचे किती वाजताचे आहेत? बघा बरं. नाही, इथे नका बघू, तिकडे... बरं, बघा, बघा इथेच. मी झाकण दाबून धरतो.

मी: सात वाजून नऊ मिनिटं.

मिस्त्री: पुढे?

मी: सात दहा. सात बारा.

मिस्त्री: आणि चौथा?

मी: सात एकेचाळीस.

मिस्त्री: किती वेळ वाजला ते येतं का तुमच्या फोनवर?

मी: येतं. मी कधी दाबून बघितलं नव्हतं. थांबा. रोजचे... दोन सेकंद, तीन सेकंद, दोन. हे कालचे.

मिस्त्री: किती?

मी: पंचेचाळीस सेकंद. पंचेचाळीस. पंचेचाळीस. शेवटचा पण.

मिस्त्री: म्हणजे पूर्ण वाजू दिला.

मी: ते उचलायची वाट बघत होते. दादा, ते वाट बघत होते. आणि मी बघितलं आणि म्हटलं, चला, बाबा ठीक आहेत. चारदा ठीक आहेत.

मिस्त्री: असं लगेच काही धरून चालू नका. बोट अडकलंच असेल.

मी: चारदा? पंचेचाळीस सेकंद? मीच शिकवलं त्यांना. फोन आला म्हणजे ठीक. मग ठीक नसलं तर काय करायचं, हे ठरवलंच नाही आम्ही. ज्या माणसाने मला बादलीचं सांगितलं, गॅसचं सांगितलं, टँकरचं सांगितलं, त्याने एवढं विचारलं नाही, की पोरी, बरं नसलं तर मी काय करू. विचारलं असेल का? मी ऐकलं नसेल का?

मिस्त्री: ताई, पाणी प्या. आधी छोटीला घ्या, ती घाबरलीय तुमच्याकडे बघून.

मी: चिंगी, ये. ये गं. काही नाही झालं. आईला काही नाही झालं.

मिस्त्री: मी फिल्टर बसवतोय. कॅनमध्ये स्वच्छ पेट्रोल आहे माझ्याकडे, पाच लिटर. आधी थोडं टाकून टाकी विसळतो, मग भरतो. पंधरा-वीस मिनिटं. तुम्ही फक्त बसा. त्या काकांना पोचून किती वेळ झाला असेल?

मी: अर्धा तास होऊन गेला. पोचलो की लावतो म्हणाले होते. का लावत नाहीत? मी लावू का?

मिस्त्री: नका लावू. काम करत असतील तिथे. माणूस कामात असला की त्याला करू द्यावं. मलाही सारखं विचारलं की माझा हात चुकतो.

मी: ते दवाखान्यात नेत असतील. म्हणून वेळ लागत असेल. हो ना? घरात कोणी नसतं, तर काकांनी लगेच फोन केला असता. काहीतरी करायचं आहे म्हणूनच उशीर होतोय.

मिस्त्री: तसंच असेल.

मी: मी त्यांना आता आणणार आहे आमच्याकडे. विचारणार नाही, सरळ सामान भरणार. पाळणा मोठा करून घेतलाय चिंगीला, त्याला स्क्रू जास्त आहेत. आवळू देत. दिवसभर आवळत बसू देत.

(फोन वाजतो.)

काका: पोरी, कुठे आहेस तू?

मी: गॅरेजमध्येच. उघडलं का दार?

काका: बसलेली आहेस का?

मी: काका, दार उघडलं का?

काका: उघडलं. गोदामातले दोघं आले, मागच्या दाराची कडी काढली त्यांनी.

मी: पडलेत का? पाय मोडला का? कुठे होते?

काका: स्वयंपाकघरात. ओट्यापाशी, खाली.

मी: दवाखान्यात नेलंत ना?

काका: डॉक्टरांनाच आणलं कोपऱ्यावरून. म्हणून उशीर झाला तुला सांगायला. नेण्यासारखं राहिलं नव्हतं, बाळ. मास्तर गेले.

मी: कधी?

काका: ते आता कशाला...

मी: कधी, काका?

काका: आज पहाटे, म्हणाले डॉक्टर.

मी: काल नाही?

काका: काल नाही. आज.

मी: म्हणजे काल सगळा दिवस आणि सगळी रात्र ते...

काका: नको गं. नको तो हिशेब करूस.

मी: फोन कुठे होता त्यांचा?

काका: फ्रिजखाली सरकला होता. पार भिंतीपर्यंत.

मी: हात पुरला नाही?

काका: झाडू होता त्यांच्या हातात. उलटा धरलेला. दांडा आत घातलेला होता. ओढून घ्यायला बघत होते वाटतं. मला नाही गं बोलवत. तेहतीस वर्षं माप घेतलं त्या माणसाने दांड्याने. एक दिवस चुकला नाही.

मी: गॅस बंद होता?

काका: काय?

मी: गॅस. बंद होता का?

काका: बंद होता. बटणही, खालचा नळही. मी बघितलं.

मी: बरं.

काका: मी इथेच बसलोय त्यांच्याजवळ. त्यांना एकटं सोडत नाही. तू ये. पण आता घाई करू नकोस, पोरी. सावकाश ये.

मिस्त्री: काय म्हणाले? ताई? काय झालं?

मी: गाडी झाली का?

मिस्त्री: झालीच. एवढा एक क्लिप राहिलाय. काय म्हणाले ते?

मी: सावकाश ये म्हणाले.

मिस्त्री: अरेरे. अरे देवा.

मी: सकाळपासून मी पळतेय ना. सगळे म्हणताहेत घाई केलीत, घाई केलीत. आता घाई नाही म्हणे. पहाटेच गेले ते.

मिस्त्री: बसा. आधी खाली बसा. छोटीला माझ्याकडे द्या. माझा हात तेलाचा आहे, चालेल, द्या. ऐका माझं. पहाटे गेले म्हणजे ही गाडी बंद पडली नसती तरी तुम्ही पोचला नसतात. हे पाणी डोक्यात घेऊ नका. तुमच्या टँकरमुळे काही झालेलं नाही.

मी: टँकरचं नाही हो. कालचं. सात नऊचं. उचलला असता तर काका दहा मिनिटांत पोचले असते. आज पोचले की नाही? मी जागी होते, दादा. सात दहाला. चिंगीला पाजत होते. फोन शेजारी उपडा पडला होता. त्याच्या कडेने उजेड दिसत होता. मला वाटलं, बाबांची रिंग आली. बरं वाटलं मला.

मिस्त्री: ताई, उठा. मी चालवतो गाडी. या अवस्थेत तुमच्या हातात चावी देणार नाही मी. शटर ओढतो आणि येतो. तुम्ही मागे बसा छोटीला घेऊन. सीट नीट बसवलंय, पट्टा हलवून बघितलाय.

मी: परत कसे याल?

मिस्त्री: साडेसातची बस मिळेल. नाही मिळाली तर बघू. एक मिनिट फक्त.

मी: कुठे जाताय?

मिस्त्री: इथेच. झाडाखाली. म्हातारीला फोन लावून येतो. सकाळी ती हाक मारत होती, मी गडबडीत निघालो.

मी: आलात? काय म्हणाल्या?

मिस्त्री: काही नाही. चष्मा सापडत नव्हता. डोक्यावरच होता. ऐका, आता चावी मारतो. ...बघा. एका फटक्यात. आवाज ऐका कसा आहे, स्वच्छ. आचका नाही, काही नाही. विसळून टाकीत चारेक लिटर उरलंय, तेवढ्यात पोचत नाही आपण. वाटेत एकदा भरावं लागेल.

मी: दादा.

मिस्त्री: बोला.

मी: पंपावर टँकर उभा असेल तर...

मिस्त्री: पुढच्या पंपावर जाऊ. कळलं मला.

मी: आणि हे आता तुम्हाला, हे वाचणाऱ्यांना. तुमच्याकडेही असेल कोणीतरी, रोज ठरल्या वेळी एक रिंग देऊन ठेवून देणारं, किंवा हात जोडलेलं एक चित्र पाठवणारं, आणि ते आलं की तुम्ही म्हणत असाल, चला, ठीक आहेत. आज त्यांना फोन लावा. जाता येण्यासारखं असेल तर जाऊन या. छातीत जळजळतंय का विचारा, पित्त म्हणाले तर ऐकू नका. आणि ते स्वतः बोलल्याशिवाय फोन ठेवू नका.